आधी स्क्रू, मग गिट्टी, शेवटी बिट

शनिवार पेठ, पुणे

चि. मुग्धास,

स्क्रू बसवायला भिंतीत पूर्वी लाकडी गिट्टी ठोकत. तिच्यासाठी छिन्नीने भोक पाडले जाई आणि ते थोडे वेडेवाकडे झाले तरी सिमेंटने भरून निघे. प्लॅस्टिकच्या गिट्टीला ही सवलत नाही. जर्मनीत आर्टुर फिशर यांनी १९५८ साली काढलेली नायलॉनची गिट्टी स्क्रू आत शिरला की फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट आवळते. म्हणून ड्रिलच्या बिटाचा व्यास गिट्टीएवढाच असावा लागतो: ६ मिमीला ६, ८ मिमीला ८. भोक मोठे झाले तर गिट्टी स्क्रूबरोबर नुसती फिरते; लहान झाले तर हातोडीने तिचे तोंड चेपते.

गिट्टी मात्र स्क्रूवरून ठरते. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत गिट्टी मिमीवर मिळते, स्क्रू नंबरावर. ६ नंबरचा स्क्रू सुमारे ३.५ मिमी जाड, ८ नंबरचा ४.२, १० नंबरचा ४.८. ५ मिमीच्या गिट्टीत ३ ते ४ मिमीचा स्क्रू बसतो, ६ मिमीच्या गिट्टीत ४ ते ५, ८ मिमीच्या गिट्टीत ४.५ ते ६. फोटोफ्रेमला ५ किंवा ६ मिमी पुरते. फळीच्या ब्रॅकेटला ८ मिमी बरी.

६ मिमीची गिट्टी साधारण ३० मिमी लांब असते, पण भोक ४० मिमी खोल घ्यावे, म्हणजे उरलेली भुकटी आणि स्क्रूचे टोक यांना जागा राहते. भुकटी फुंकून काढावी. स्क्रूची लांबी म्हणजे गिट्टीची लांबी, वस्तूची जाडी आणि स्क्रूचा व्यास यांची बेरीज: ३ मिमीच्या पट्टीसाठी ३० + ३ + ४, म्हणजे दीड इंची स्क्रू.

प्लास्टर वजन पेलत नाही. ते जाड असेल तर गिट्टी आणखी आत, विटेपर्यंत सरकवावी आणि स्क्रूही तेवढा लांब घ्यावा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत विटांचे सांधे माती-चुन्याचे असतात; तिथे सांधा टाळून विटेतच, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावे. काँक्रीटला हॅमर लागतोच. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकला हॅमर लावू नये आणि बिट गिट्टीपेक्षा १ मिमी लहान घ्यावे, कारण ब्लॉक मऊ असल्याने भोक आपोआप रुंदावते. झिजलेल्या बिटाने भोक उलट अरुंद पडते; असे बिट बदलावे.

तुझा,
काका