सुफेन आणि दुष्फेन

दाढीविषयी चार माणसे बोलू लागली की बोलणे पात्यावर जाते. कोणते पाते किती दिवस चालते, कोणत्या पात्याने रक्त येते, यावर वाद रंगतात. फेसाची आठवण कोणालाच होत नाही. वास्तविक पात्याचे काम शेवटच्या दोन मिनिटांचे. त्याची वाट सुकर करून ठेवतो तो ब्रश. आमच्यासारख्या बदलीच्या माणसाला तर ब्रशाचे आणखीही एक ऋण मानावे लागते. ट्रंका उघडण्यापूर्वी आणि कचेरीत रुजू होण्यापूर्वी नव्या गावाची पहिली ओळख करून देतो तो हाच.

फेस लावण्याची सुरुवात साबणाने होत नाही, पाण्याने होते. आमच्या लहानपणी धोपटी घेऊन घरी येणारा न्हावी साबणाच्या वाटेला क्वचितच जाई. वाटीतले पाणी बोटांनी घेऊन तो गालांवर इतका वेळ चोळी की गिऱ्हाइकाचे डोळे मिटत. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला जोर कमी लागतो. म्हणजे केस मऊ करते ते पाणी. फेसाने ते पाणी केसाशी धरून ठेवायचे, वाळू द्यायचे नाही आणि पात्याला कातडीवरून अलगद सरकू द्यायचे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे नियम आपोआप सुचतात.

ब्रश प्रथम कोमट पाण्यात भिजत ठेवावा. डुकराच्या राठ केसांचा असेल तर जरा अधिक वेळ. मग झटकून साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवावा. पहिला फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा, दिसायला भरघोस आणि आतून पोकळ असतो. त्याला भुलू नये. वाटीत चार-चार थेंब पाणी घालीत घोटत राहावे. पाणी कमी पडले तर फेस चक्क्यासारखा घट्ट होऊन गालावर वाळतो, जास्त झाले तर मानेवरून ओघळतो. फेटलेल्या सायीसारखा दाट आणि चकचकीत दिसू लागला की तो साधला. चेहऱ्यावर आधी गोल फेरे द्यावेत, म्हणजे आडवे पडलेले केस उठतात. हनुवटीखाली केसांची दिशा जागोजाग बदलते, तेथे घाई करू नये. ब्रश दाबू नये. काम त्याच्या टोकांनी करायचे असते. शेवटी रंगाऱ्यासारखे सपाट हात फिरवून थर सारखा करावा.

हे सारे नियम पाळूनही फेस येत नाही, अशी गावे आहेत. तेथल्या पाण्याला इंग्रजीत कठीण म्हणतात, हिंदीत कठोर. मराठी शास्त्रीय परिभाषेने मात्र त्याला फेसावरून नाव दिले: दुष्फेन. ज्यात फेस सुखाने येतो ते सुफेन. ही जोडी जमवणाऱ्या पंडिताने ती सकाळी ब्रश हातात असतानाच जमवली असावी, अशी आमची प्रेमळ शंका आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात अधिक असले की ते साबणाशी संयोग पावतात. फेसाऐवजी न विरघळणारा चिकट साका होतो, वाटीच्या कडेला पांढरे वर्तुळ उमटते आणि गाल ओढल्यासारखे होतात.

मुंबईत वाढलेल्या माणसाला या दुःखाची कल्पना नसते. त्या शहराला १८९२ पासून तानसा तलावाचे आणि पुढे वैतरणेचे पाणी मिळाले, म्हणजे पावसाचेच. शिलाँगला आम्ही तीन वर्षे होतो, तेथेही खासी टेकड्यांवरच्या पावसाची कृपा. चिमूटभर साबणाने वाटी भरून जाई आणि धुता धुता गालांचा निसरडेपणा जाता जात नसे. तेथून बदली झाली ती थेट बिकानेरला, आणि आमच्या वाट्याला खोल विहिरीचे पाणी आले. आमच्या गालांची दशा पाहून शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या टांक्यातले लोटाभर पाणी धाडले. टांका म्हणजे घराच्या गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीत बांधलेले टाके. जेथे पाऊस मोजून पडतो तेथे तो शेजाऱ्याच्या दाढीसाठी द्यावा, हे औदार्य आम्हांस पेलेना. ते पाणी आम्ही चहाला ठेवले. दाढीसाठी विहिरीचेच पाणी उकळून निवळू देण्याचा परिपाठ पडला. उकळल्याने काही क्षार तळाशी बसतात आणि निम्मे काम होते. उरलेले निम्मे ब्रशाने करायचे.

त्याच बिकानेरला, आई गेल्यानंतर, अण्णा आमच्याकडे राहावयास आले. गिरगावातल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते. दुष्फेन हा शब्द आम्ही प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. मुंबई सोडून आम्ही केंद्राची नोकरी पत्करली हे त्यांना रुचले नव्हते. तसे ते कधी बोलले नाहीत. पत्रांतून हवापाण्याची चौकशी तेवढी असे. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. तीन दिवसांची वाढलेली दाढी पाहून एका सकाळी आम्हीच वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फेस लावणे ही निराळीच विद्या आहे. आपल्या गालावर हात सवयीने फिरतो. येथे प्रत्येक फेरा जणू विचारून घ्यावा लागतो. बसलेल्या गालफडांच्या खळग्यांत ब्रश गोल फिरत नाही, टोकाटोकाने फेस बसवावा लागतो. सैल कातडी दोन बोटांनी ताणून धरावी लागते. फेस गार होऊन चालत नाही, कारण म्हातारपणी थंडी गालांनाही वाजते. वडिलांच्या हनुवटीला आमचा हात लागला तो बहुधा बालपणानंतर प्रथमच. फेस विरू लागला तसे आम्ही पुटपुटलो, "अण्णा, इथलं पाणीच वाईट."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "पाणी वाईट कसं असेल रे? साबण थोडा जास्त लागतो, इतकंच." मग जरा थांबून म्हणाले, "लाव तू. चांगला लावतोयस."

ते पाच महिने आमच्याकडे होते आणि रोज सकाळी आम्ही त्यांच्यापुढे वाटी घेऊन बसत होतो. मुंबई सोडल्याचा विषय आमच्यात कधी निघाला नाही; निघण्याची गरजही उरली नव्हती.

ब्रशाशिवाय दाढी करण्याच्या युक्त्या नव्या नाहीत. अमेरिकेत १९२५ साली बर्मा-शेव्ह हे बिनब्रशाचे मलम निघाले आणि १९४९ साली दाबताच तयार फेस सोडणारा डबा आला. आमचे चिरंजीव तोच वापरतात. त्यांना कोणत्याही गावचे पाणी चालते, कारण डब्यातला फेस गावच्या पाण्याशी बोलतच नाही. त्यांना सकाळी कचेरीची बस गाठायची असते. आमची काही तक्रार नाही.

परंतु या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या हाती यंदा बदलीचा हुकूम पडला असेल, त्यांनी ब्रश मालगाडीच्या सामानात न टाकता हातपिशवीत घ्यावा. पहिल्या सकाळी फेस आला नाही तर गावाला नावे ठेवण्याची घाई करू नये. शेजारी पाणी कोठून भरतात ते विचारावे, चार शब्द बोलावेत. आणि दाढी झाल्यावर ब्रश धुऊन, झटकून, उघड्यावर वाळत ठेवावा. ओला ब्रश डबीत कोंडला तर केस मुळाशी कुजतात. बदलीच्या धांदलीतही एवढी सवड काढावी.