पंच्याऐंशीची बेरीज

ओंटारिओत शिक्षकाचं वय आणि नोकरीची वर्षं मिळून 85 झाली की पूर्ण पेन्शन. इथल्याच लंडन शहरातल्या आमच्या स्टाफरूममध्ये ही बेरीज पन्नाशीआधीच सुरू होते. ती करणारा माणूस मनानं केव्हाच निवृत्त झालेला असतो, असं माझं मत.

त्यापेक्षा ‘फोर ओव्हर फाइव्ह’ बरं. चार वर्षं 80 टक्के पगार घ्यायचा आणि पाचव्या वर्षी बाकीच्या साठलेल्या पैशांवर रजा. गावाकडचे मास्तर हे ऐकून हसतील. त्यांच्या वाट्याला निवडणुकीची आणि जनगणनेची कामं!

दमून जाऊ नये म्हणून वह्या आता घरी आणत नाही. संध्याकाळी स्प्रिंगबँक पार्कात थेम्सकाठी चालते (हो, इथेही थेम्सच). दमलेली बाई मुलांना पाच मिनिटांत ओळखू येते. यंदा रजेचा अर्ज देतेय.