कोवलमच्या किनाऱ्यावरील जुनी फळी

कोवलम म्हटले की बहुतेकांना केरळातील प्रसिद्ध किनारा आठवतो. परंतु त्याच नावाचे दुसरे एक गाव चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, पूर्व किनारा मार्गालगत वसलेले आहे. मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की डाव्या हातास ते लागते. इंग्रजी कागदपत्रांत याचे नाव ‘कोवलाँग’ असे आढळते. येथे एके काळी किल्ला होता. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून जिंकला आणि पुढे तो पाडण्यात आला. आज गावात जुने चर्च आहे, दर्गा आहे आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या होड्या आहेत.

या होड्यांच्या शेजारीच अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे लाटेवर उभे राहून घसरत येण्याची लांबट फळी, अर्थात सर्फबोर्ड. गावचेच मच्छीमार मूर्ती मेघवन यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये येथे सर्फिंगची शाळा उभी राहिली आणि २०१३ मध्ये पहिला सर्फिंग महोत्सव भरला. तेव्हापासून शहरातील तरुण आणि मुलाबाळांसह कुटुंबेही या खेळाकडे वळली आहेत. चार दिवस शिकून झाले की साहजिकच प्रश्न पडतो : स्वतःची फळी घ्यावी का? नवी फळी महाग. मग कोणी वापरून विकावयास काढलेली जुनी घेतली तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना या किनाऱ्यावरील ‘कट्टुमरम्’ आठवावे. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे व मरम् म्हणजे लाकूड. इंग्रजीतील ‘कॅटमरान’ हा शब्द येथूनच गेला. ओंडके एकत्र बांधून केलेला हा तराफा समुद्रावरून परतला की मच्छीमार तो सोडून ओंडके वाळत घालीत. लाकूड पाणी प्याले की जड होते आणि जड तराफा लाटेवर नीट चढत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. फळीचेही तसेच आहे. तिचे वय किती, यापेक्षा तिच्या पोटात पाणी शिरले आहे काय, हे अधिक महत्त्वाचे.

पूर्वी या फळ्या लाकडाच्या असत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉलियुरेथेन फोमचा गाभा व त्यावर काचतंतू आणि राळेचे कवच अशी रचना रूढ झाली. कवच अभंग आहे तोवर अशी फळी वर्षानुवर्षे टिकते. उन्हाने ती पिवळी पडते, पण केवळ पिवळेपणा हा दोष नव्हे. मात्र कवचास तडा गेला की आतला फोम पाणी शोषू लागतो.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी वरचे मेण खरवडून काढण्यास सांगावे, कारण मेणाखाली तडे लपतात. तड्याभोवती तपकिरी डाग असेल, किंवा तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या फळीहून ही स्पष्टपणे जड लागत असेल, तर पाणी आत गेले आहे असे समजावे. मडके वाजवून घ्यावे तशी फळीही बोटांनी वाजवून पाहावी. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द येत असेल व अंगठ्याने दाबल्यावर कवच दबत असेल, तर ते गाभ्यापासून सुटलेले आहे. फळीवर आडवी घडी पडलेली असेल, तर ती लाटेच्या माऱ्याने तेथेच मोडण्याचा संभव असतो. खालचे पंख हलवून पाहावेत. पाय आणि फळी यांना जोडणारी दोरी मात्र जुनी कधीही घेऊ नये. ती तुटली तर फळी इतरांच्या अंगावर जाते आणि शिकाऊ माणूस खोल पाण्यात आधाराविना राहतो.

लहानसा तडा दुरुस्त होतो. फळी पूर्ण वाळवून तो बुजवावा लागतो. किनाऱ्यावरील फायबरच्या होड्याही काचतंतू आणि राळेनेच सांधल्या जातात. तथापि काही फळ्यांचा गाभा थर्मोकोलच्या जातीचा असतो. होडीसाठी वापरतात ती पॉलिएस्टर राळ तेथे लावली, तर फोम विरघळतो. अशा फळीस एपॉक्सी राळच हवी. म्हणून गाभा कशाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.

तरीही सर्वांत मोठी चूक निवडीत होते. जुन्या फळ्यांत पुष्कळशा पटाईत खेळाडूंनी टाकलेल्या असतात : आखूड, अरुंद व टोकदार. अशी फळी अगदी सुस्थितीत असली, तरी नवशिक्याचे वजन ती पेलीत नाही. तो धडपडत राहतो आणि अखेरीस खेळच सोडतो. प्रौढ माणसास आरंभी आठ-नऊ फूट लांब, रुंद व जाड फळी हवी. मुलांसाठी तर मऊ पृष्ठभागाचीच घ्यावी. कठीण कडेचा डोक्यास लागलेला एक तडाखा कोणत्याही बचतीपेक्षा महाग पडतो.

म्हणून पहिले काही धडे शाळेच्या मऊ फळीवर, शिक्षकाच्या नजरेखाली घ्यावेत. पोहणे आधी आलेच पाहिजे, कारण या किनाऱ्यावरील ओढ फसवी आहे आणि ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. आपल्याला कोणता आकार झेपतो हे कळले, की त्याच आकाराची, कोरड्या पोटाची जुनी फळी शिक्षकास दाखवून खुशाल घ्यावी. तशी न मिळाल्यास भाड्याच्या फळीवर आणखी एक हंगाम शिकावे. त्यात कमीपणा नाही.