अडलेलं विचारायचं कुठं?

विकतच्या वस्तूला दुकानदार असतो. बिघडली की पिशवीत घालून त्याच्यापुढे नेऊन ठेवता येते. पण लिब्रेऑफिससारखं मुक्त सॉफ्टवेअर घरी आणलं, की गाऱ्हाणं न्यायला दुकानच नाही! २०१० साली हे ओपनऑफिसपासून वेगळं निघालं. पत्रं, प्रश्नपत्रिका, हिशेबाचे तक्ते सारं त्यात होतं. दाम लागत नाही. आणि ज्याला कळतं त्यानं आतली रचना बघावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी अशी मोकळीक. वापरणाऱ्यांनीच एकमेकांना सांभाळायचं, असा सगळा मामला.

आमच्या गंगाखेडात मी अर्धवेळ शिकवते. चाचणीचे पेपर आम्ही शिक्षिका घरीच टाइप करतो. बाहेर द्यायचे तर फुटण्याची धास्ती. मुहूर्त कोणता, तर रात्री ओटा आवरल्यावर. त्या वेळी तक्ता पानाबाहेर पळाला, तर विचारणार कुणाला? मुलाला हाक मारली की तो माउस आपल्या हातातून घेतो, अर्ध्या मिनिटात करून टाकतो नि जातो. पेपर होतो, पण आपल्याला येत नाही ते नाहीच.

म्हणून तीन शाळांतल्या आम्ही मिळून व्हॉट्सअॅपवर एक गट काढला. पहिले दोन महिने नुसता हळदीकुंकवाचा गलबला. एकीनं विचारलं, ‘चित्र जागेवरून हलतंय, काय करू?’ त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊन पडले. उत्तर आलं होतं, पण त्या केकांखाली ते सापडेचना. त्याहून वाईट म्हणजे, एका गुरुजींनी लिहिलं, ‘बाई, एवढंही येत नाही?’ झालं! त्या बाईंनी पुन्हा गटात तोंड उघडलं नाही. पुढच्या पेपरातला तक्ता त्यांनी पट्टीनं आखून दिला. मला ते फार लागलं. एक गप्प बसली की तिच्या मागच्या चौघी आपोआप गप्प बसतात.

मग इतर लोक काय करतात ते मी बघायला लागले. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१च्या ऑगस्टमध्ये आपल्या कामाची पहिली वर्दी दिली, तीच मुळी वापरणाऱ्यांच्या एका चर्चागटात. तुम्हांला यात काय काय हवं, असं विचारत! आपल्या मराठी विकिपीडियावर (सुरुवात १ मे २००३) चर्चेच्या पानाचं नावच ‘चावडी’. बोलणाऱ्यानं खाली सही करायची. जुन्या चर्चा पुसत नाहीत, बाजूला जपून ठेवतात.

पण मला सर्वांत पटली ती आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची रीत. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतूनसुद्धा. शंका विचारताना कोणतं सॉफ्टवेअर, कोणता धडा आणि कितव्या मिनिटाला अडलं, हे सांगायचं. बरोबरच आहे. ‘करंजी फुटली’ एवढंच कळवलं तर सासूबाई तरी काय सांगतील? सारण ओलं होतं, की कड नीट दाबली नव्हती, हे नको का कळायला?

त्यावरून आम्ही गटाचे दोन भाग केले. ‘गप्पा’ आणि ‘अडलंय’. ‘अडलंय’मध्ये शुभेच्छा बंद. प्रश्न लिहिताना काय करत होता, काय झालं, आणि लिब्रेऑफिसची आवृत्ती कोणती (मदतीच्या यादीत आकडा दिसतो), एवढं द्यायचंच. पडद्याचा फोटो टाकला तर उत्तम, पण खरा पेपर झाकून! उत्तर त्याच प्रश्नाला जोडून द्यायचं. ‘एवढंही’ या शब्दाला बंदी. दर रविवारी मी सुटलेले प्रश्न एका वहीत उतरवते नि पानांचे फोटो गटावर टाकते. पहिल्या पानावर दोनच गोष्टी आहेत, कारण त्याच सारख्या विचारल्या जातात. नवं पान हवं तर एंटर वीसदा दाबू नका, कंट्रोल धरून एकदाच दाबा. आणि छापायला देताना पीडीएफ करून द्या, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर अक्षरं बदलत नाहीत.

सॉफ्टवेअरचीच चूक असेल तर मात्र आमच्या गटात रडून उपयोग नाही. त्यांच्या बगझिलात नोंदवावी लागते. तिथं इंग्रजी लागतं, ते काम बी.ए.च्या जोरावर माझ्याकडे आलंय.

एक अडचण अजून आहे. गटात प्रत्येकीचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि काही घरांत ते चालत नाही. अशांनी मला एकटीला लिहावं, मी नाव न घालता प्रश्न पुढे टाकते. त्या तक्त्यावाल्या बाईही आता तसंच विचारतात. आमचे हे म्हणतात, ‘तू पोस्टमास्तरीण झालीस!’

मे महिन्यात मी माहेरी जाणार. तेवढे दिवस वही कुणी सांभाळायची, यावर सध्या ‘गप्पा’त जोरात भांडण चाललंय.