लाज कुणाची

लिहू की नको करत हा विषय दोन वर्षं खिशात ठेवला. पाळलेलं कुत्रं पाहुण्याच्या पायाला मिठी मारतं, कंबर हलवतं. यावर काय लिहायचं, म्हणाल. ज्याच्या खोलीत घडतं त्याला विचारा.

काळ्या आमचा. गिरणीच्या पडक्या भिंतीशी सापडलेला. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं आणि तो. 2022 च्या मार्चात 14 एप्रिलच्या तयारीची बैठक आमच्याकडंच होती. अकरा जण खेटून बसलेले. कॉलेजातली एक पोरगी वर्गणीचा हिशेब वाचत होती. काळ्या उठला, तिच्या गुडघ्यावर चढला आणि सुरू झाला.

पोरं फिदीफिदी हसली. एकानं शिट्टी मारली. काळ्याकडं कुणी बघतच नव्हतं, दोस्तहो. सगळे तिच्याकडं बघत होते. माझं डोकं सटकलं. मी काळ्याच्या बरगडीत लाथ घातली. तो केकाटत मोरीत शिरला.

तिनं वही मिटली. म्हणाली, "दादा, कुत्र्याला कळत नाही. ह्यांना तरी कळतं ना?" आणि निघून गेली.

रात्री आई म्हनली, "तुझा बा बी असाच. भायेर लाज गेली की घरात लाथ." मी जेवलो नाही. काळ्याही नाही.

सकाळी त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. जिन्यावरून पडला, असं खोटं सांगितलं. बरगडी शाबूत होती. मग मान खाली घालून खरा विषय काढला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आधी लघवीची जळजळ, अंगाची खाज बघितली. त्यानंही कुत्री असं करतात. मग बोलल्या. हे दर वेळी वासनेनं होत नाही. डोळे उघडून काही आठवडे झालेली पिल्लंसुद्धा खेळता खेळता एकमेकांवर चढतात. माद्याही चढतात, नसबंदी झालेलेही. माणसं जमली, गलका झाला, की अंगात आलेली उसळी कुठं घालवायची ते कुत्र्याला कळत नाही. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याचं तर विचारूच नका. आणि आपण हसलो-ओरडलो की त्याला वाटतं, झकास, सगळे माझ्याकडंच बघतायत. मारलं तर भीती वाढते, भीतीनं उसळी वाढते. एखादं चावतंही.

मी विचारलं, खच्ची करू? त्या म्हणाल्या, करा, बऱ्याच नरांत कमी होतं. पण मुरलेली सवय त्यानं पुसली जाईलच असं नाही. शिकवावं लागेल.

नसबंदी केली. चाळीतले बापे मलाच टोमणे मारत होते, जसं काही त्यांचंच कापलं.

शिकवणं म्हणजे काय, तर बैठकीआधी त्याला तासभर दमवून आणायचं. पाहुणे आले की पट्टा दाराशी अडकवायचा. चढायच्या आधी तो जिभल्या चाटतो, कुईकुई करतो, पायाला अंग घासतो. तेवढ्यात हाक मारायची, "काळ्या, जागेवर." गेला की चघळायला काहीतरी द्यायचं. चढलाच तर ओरडायचं नाही, मुकाट बाजूला न्यायचं, दोन मिनिटं एकटा ठेवायचा. घरातल्या पाचही जणांनी एकच शब्द वापरायचा. इथंच आमचं घोडं अडलं होतं. आई 'हाड' म्हणायची, धाकटा खिदळायचा. दीड-दोन महिने गेले. अजून कधीमधी गोधडीवर चढतो. चढू दे. गोधडीची कसली अब्रू.

पोरांशी बोलणं मात्र जास्त जड गेलं. शिट्टीवाल्याला वाटत होतं, कुत्र्यानं केलं, माझा काय दोष. त्याच्याशी दोनदा भांडलो.

जूनमध्ये ती पुन्हा आली. दाराजवळ बसली. काळ्या उठला, कुईकुई करत तिच्याकडं निघाला. खोली गप्प. "काळ्या, जागेवर." तो थबकला, वळला, पोत्यावर जाऊन हाडूक चघळू लागला.

तिनं वही उघडली. "मागच्या हिशेबात चाळीस रुपये लागत नाहीत," ती म्हणाली. "कुणाकडं आहेत?"