धाकटीची चित्रं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग काळा चष्मा, थेंब, वाचायला बंदी. आता सगळं लख्ख दिसतंय. इतकं लख्ख की घरातली जळमटंसुद्धा दिसायला लागली आहेत! असो.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी. बोस्टनच्या जवळ राहते. येताना नेहमीसारखे बदाम, चॉकलेटं, गुडघ्याला लावायचं मलम, आणि या वेळी एक चांगलं जाडजूड पुस्तक. 'लिटल वुमेन'ची सचित्र आवृत्ती.

"मावशी, तुझ्या चौघीजणी!" म्हणाली.

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी कादंबरी वाचायची म्हणजे मला ताम्हिणी घाट पायी चढल्यासारखं होतं. पण ही गोष्ट मला पाठ आहे, कारण शांताबाई शेळक्यांनी केलेला तिचा अनुवाद, 'चौघीजणी', मी किती वेळा वाचला याची मोजदाद नाही. शांताबाई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. जन्म १९२२चा, इंदापूरचा. त्यांनी मेग, ज्यो, बेथ, एमी ही नावं बदलली नाहीत, त्यांना ठकी-यमी केलं नाही, तरी त्या पोरी अशा बोलतात की आपल्याच माजघरात बसल्या आहेत असं वाटावं. मी वाचलेल्या प्रतीत चित्रं नव्हती. त्यामुळे त्या चौघींचे चेहरे ज्याचे त्याने आपल्या मनाने केलेले. माझी ज्यो म्हणजे अर्थातच मी! (शिक्षिका झालेल्या प्रत्येक बाईला आपण ज्यो आहोत असं वाटत असणार.)

भाचीने आणलेल्या पुस्तकात निरनिराळ्या काळातली चित्रं एकत्र केली आहेत. चित्रं बघायला इंग्रजी लागत नाही, म्हणून दोन दुपारी मी तेच करत बसले. खालचा मजकूर भाची वाचून सांगत होती.

सगळ्यांत सुंदर म्हणाल तर जेसी विलकॉक्स स्मिथ या बाईंची, १९१५ सालची. आठ रंगीत चित्रं. मऊ उजेड, झग्यांच्या चुण्या, मुलींच्या माना अशा नाजूक की हात लावू नये. त्याच्या आधीची, १८८०च्या आवृत्तीतली फ्रँक मेरिल यांची. ती काळी-पांढरी आणि पुष्कळ, जवळजवळ पानोपानी. आणि या १८८०च्या आवृत्तीची एक गंमत भाचीने सांगितली. चित्रं नवी केली तेव्हा मजकुरावरही हात फिरवला गेला. आधी आई अंगाने जाडसर होती, ती आता उंच झाली. लॉरीचं नाक लांब होतं, ते देखणं झालं. मुलींच्या तोंडचे रांगडे शब्द गुळगुळीत केले. म्हणजे पुस्तक नावाजलं, पैसा आला, आणि घरचे सगळे एकदम दिसायला बरे झाले. आपल्याकडेही होतं की असं! लग्नाच्या अल्बमात फोटोग्राफर काकूंची हनुवटी काढून टाकतो तसं.

मग भाचीने अगदी पहिली पानं उघडली. १८६८ची पहिली आवृत्ती. त्यात फक्त चार चित्रं, आणि ती काढणारी मे ऑल्कट. लेखिका लुइसा मे ऑल्कट यांची सख्खी धाकटी बहीण. म्हणजेच गोष्टीतली एमी. इंग्रजीत मे या नावाची अक्षरं उलटसुलट केली की एमी होतं, हे मला या वयात कळलं.

पुस्तकाच्या तोंडाशीच तिचं चित्र आहे. मधोमध मोठ्या खुर्चीत आई, हातात लढाईवर गेलेल्या वडिलांचं पत्र, आणि भोवती चौघी. खरं सांगते, चित्र काही चांगलं नाही. अंगं लाकडी, हात कसेतरीच. त्या वेळच्या टीकाकारांनीही तेच म्हटलं होतं, की चित्रकर्तीला शरीररचनेचं ज्ञान नाही. पुस्तक गाजलं, चित्रांवर ताशेरे. दुसऱ्या भागाला लगेच दुसरा चित्रकार घेतला.

मी त्या चित्राकडे बघत बसले. भाचीला वाटलं, डोळे दुखायला लागले.

"मावशी, मी ते घर बघून आले. काँकर्ड गावात आहे. तिथे मेच्या खोलीत भिंतींवर, दारांवर तिने काढलेली चित्रं अजून जपून ठेवली आहेत. तिला घरच्यांनी भिंतीवर काढू दिलं होतं!" आणि मग सहज, अगदी सहज तिने विचारलं, "मावशी, आई लहानपणी चित्रं काढायची का गं कधी?"

मी म्हटलं, "चहा टाकते."

आता तिला न दिलेलं उत्तर इथे लिहिते आहे. धाकटी हा ब्लॉग वाचते, तिचा मुलगा वाचून दाखवतो. तिला न विचारता लिहिते आहे, याबद्दल ती रागावली तर रागावो.

१९७४ साल. मी मुळशीतल्या एका शाळेत नुकतीच लागले होते, तीही तात्पुरती. शाळेचं ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लाकडी कपाट आणि एक रजिस्टर. 'चौघीजणी' मी माझ्या नावावर पौडला घरी आणलं. जुलै महिना. मुळशीचा पाऊस ज्यांनी बघितला आहे त्यांना सांगायला नको. चार-चार दिवस उजेड नाही, कपडे वाळत नाहीत, घरात चुलीचा धूर कोंडलेला. धाकटी तेव्हा बारा वर्षांची. मी शाळेत गेले की ती पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. मला कौतुक वाटायचं, पोरगी वाचते आहे.

एका संध्याकाळी पुस्तक उघडलं तर प्रकरण संपल्यावर जिथे जिथे पान कोरं राहिलं होतं, तिथे तिथे चित्रं. पेन्सिलीची. ज्यो दोन वेण्या आणि परकर-पोलक्यात. बेथच्या पुढे पियानोऐवजी बाजाची पेटी, कारण पियानो आम्ही कुणीच बघितला नव्हता. आणि एमी गोठलेल्या नदीत पडते तो प्रसंग! बर्फ तरी तिने कुठे बघितला होता? तिने भाताचं खाचर काढलं होतं. आवणाच्या वेळचं, बांधासकट. आणि त्यात एमी कमरेपर्यंत चिखलात रुतलेली, दोन्ही हात वर.

आज हे लिहिताना हसू येतंय. तेव्हा हसले नाही. डोळ्यांपुढे एकच होतं, नोकरी तात्पुरती, पुस्तक सरकारी, हेडमास्तर काय म्हणतील. मी खोडरबर घेतला आणि तिच्यासमोर बसून एकेक चित्र खोडलं. ती उभी होती. खोडरबराचा चुरा फुंकून टाकत मी तिला म्हणाले, "आणि येतं तरी का तुला? हात बघ, काठ्यांसारखे आलेत."

एक चित्र मात्र निघालं नाही. ते तिने माझ्या फाउंटन पेनने काढलं होतं, दौतीच्या शाईने. मध्ये झोपाळ्यावर आई, नऊवारीत, हातात पत्र. एक पायाशी, दोन दोन बाजूंना, एक मागे कडीला धरून उभी. घासून घासून कागद फाटायला आला. शेवटी पुस्तकाची किंमत मी शाळेत भरली आणि ती प्रत घरी राहिली.

पुढे तिच्या शाळेतून एलिमेंटरी ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेचा फॉर्म आला. बाबांनी मला विचारलं, कारण घरात शिकलेली मी. मी म्हटलं, फी वाया जाईल. झालं. तिने पुन्हा विचारलं नाही. पुढे कॉमर्स केलं, बँकेत लागली, सांगलीला दिली, उत्तम संसार केला, आता निवृत्त आहे. दारात रांगोळीसुद्धा ठिपक्यांचीच काढते, मोजून. मुक्त हाताची कधी काढलेली मी बघितली नाही.

ती मोठी चित्रकार झाली असती असं मी म्हणत नाही. कदाचित नसतीही झाली. पण ते ठरवलं मी, आणि ठरवायला मला पाच मिनिटं लागली.

गोष्टीतली एमी आठवा. तीही चित्रकार व्हायला निघते, रोमला जाते, तिथली मोठी कामं बघून म्हणते की आपल्यात कसब आहे पण प्रतिभा नाही, आणि ब्रश ठेवून देते. मग लॉरीशी लग्न. हे थोरल्या बहिणीने १८६९च्या दुसऱ्या भागात लिहून टाकलं, तेव्हा खरी धाकटी, मे, अजून तिशीचीही नव्हती. म्हणजे थोरलीने पुस्तकात तिचा निकाल लावून ठेवला होता! मला हे इतक्या वेळा वाचूनही कधी खटकलं नाही. उलट वाटायचं, एमीला अक्कल आली.

पण खऱ्या मेने ऐकलं नाही. आणि लुइसाचं कौतुक हे, की कादंबरीत काहीही लिहिलं तरी हात आखडला नाही. एकरकमी पैसे न घेता तिने प्रत्येक प्रतीमागे हिस्सा ठरवला होता, त्यामुळे घरात पैसा येत राहिला. त्यावर मे युरोपात शिकायला गेली. १८७०मध्ये दोघी मिळून, मग १८७३मध्ये लंडनला, मग १८७६मध्ये पॅरिसला. लंडनला टर्नरच्या चित्रांच्या नकला करत बसायची. रस्किनसारख्या माणसाने त्या नावाजल्या. आणि १८७७मध्ये, जिला शरीररचना येत नाही म्हणून हिणवलं होतं तिचं एक स्थिरचित्र पॅरिसच्या सालोंमध्ये लागलं. तिने एक पुस्तकही लिहिलं, परदेशात जाऊन चित्रकला स्वस्तात कशी शिकावी यावर. स्वस्तात! हा शब्द वाचून मला ती फार आपली वाटली. कुठे राहावं, काय खावं, रंग कुठे घ्यावेत, सगळं.

तिचं आयुष्य मोठं नव्हतं. १८७८मध्ये लग्न, नोव्हेंबर १८७९मध्ये मुलगी झाली, आणि त्याच डिसेंबरमध्ये मे गेली. जाताना मुलगी थोरल्या बहिणीच्या ओटीत घालायची असं तिने सांगून ठेवलं होतं. दहा महिन्यांची लुलू समुद्र ओलांडून अमेरिकेला मावशीकडे आली. लुइसाने, लग्न न केलेल्या बाईने, पन्नाशीला टेकलेली असताना तान्हं पोर सांभाळलं, १८८८मध्ये स्वतः जाईपर्यंत. मावशी म्हटल्यावर मला जरा भरून येतं, तेव्हा हे एवढंच.

(जाता जाता एक, आमच्या मुळशीकरांसाठी. या बहिणींचे वडील ब्रॉन्सन ऑल्कट यांनी १८४३मध्ये गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर भरायला नकार दिला होता, थोरोच्याही आधी. पुढे थोरो गांधीजींनी वाचला. १९२१च्या मुळशी सत्याग्रहात धरणाच्या कामावर जाऊन बसलेल्या आपल्या मावळ्यांची आणि या काँकर्डकरांची गाठ घालून द्यायला मला फार आवडलं असतं. संसार मात्र ब्रॉन्सनरावांना जमला नाही, तो बायकोने आणि पोरींनी ओढला. हेही आपल्या ओळखीचंच.)

तर चहा झाला, आणि मी माळ्यावरची ट्रंक भाचीकडून काढवली. प्रत आहे. पाठकोरा निघालाय, कसर लागली आहे, पण आहे. खोडलेल्या जागा कोऱ्याच दिसतात. पण पान खिडकीशी तिरकं धरलं की पेन्सिलीने दाबलेल्या रेघा कागदावर उठून दिसतात. पन्नास वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. परवा केलं. खाचर दिसलं, बांध दिसला, एमीचे वर केलेले हात दिसले. काठ्यांसारखेच आहेत. पण चिखलात बुडणाऱ्या पोरीचे हात अजून कसे असणार?

शाईचं चित्र तर तसंच आहे. मेचं आणि हे शेजारी ठेवून आम्ही दोघींनी बघितलं. खुर्ची आणि झोपाळा सोडला तर मांडणी तीच. प्रसंग पुस्तकातच तसा आहे, त्यामुळे त्यात चमत्कार काही नाही. तरी भाची कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मागे कडीला धरून उभी आहे ती तू आहेस. नाक बघ."

नाक माझंच आहे. लांब. ते तिने देखणं वगैरे केलेलं नाही.

शनिवारी भाची सांगलीला जाते आहे. दोन्ही पुस्तकं तिच्या पिशवीत घातली आहेत, जुन्यात खूण म्हणून लाइटचं बिल ठेवलं आहे. धाकटे, ते बिल परत पाठव, भरायचं आहे. आणि पुस्तक खिडकीशी तिरकं धरून बघ. ज्या जागा मी कोऱ्या केल्या, त्या तुझ्या आहेत.