वीतभर पाणी

बदलापूर गावात, उल्हास नदीच्या अंगाला, एक जुने कौलारू घर आहे. त्या घराच्या ओसरीवरील भिंतीस दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या सुमारास नवा रंग लागतो. पण भिंतीवर कोळशाने ओढलेली एक आडवी रेघ मात्र कोणी पुसू धजत नाही. रंगारी तेवढी जागा सोडून कुंचला फिरवितात. घरातील आजींचा तसा हुकूमच आहे. 26 जुलै 2005 रोजी नदी न विचारता घरात शिरली आणि जिथवर चढली, तिथली ती खूण होय. मुलांची उंची मोजावयाची तीही याच रेघेला पाठ लावून. ज्या दिवशी धाकट्या नातवाचे डोके त्या रेघेच्या वर गेले, त्या दिवशी आजींनी शिरा केला आणि म्हटले, "आता तू पुराहून मोठा झालास!"

त्याच नातवाने उन्हाळ्याच्या सुटीत एक इंग्रजी चित्रपट पाहिला. 'वॉटरवर्ल्ड' हे त्याचे नाव. तो 1995 साली निघाला. त्याच्या आरंभीच ध्रुवांवरील सारे बर्फ वितळते आणि पृथ्वीवर जिकडेतिकडे पाणीच पाणी होते. माणसे होड्यांवर आणि लोखंडी तराफ्यांवर राहतात, मूठभर मातीसाठी भांडतात आणि कोरडी भूमी कोठे आहे याच्या दंतकथा एकमेकांस सांगतात. चित्रपट संपला, तरी मुलाच्या मनातून ते पाणी ओसरेना. तो आजीपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आजी, ध्रुवावरचे बर्फ वितळले, तर आपले बदलापूर बुडेल का ग?"

आजी गहू निवडीत होत्या. हात न थांबविता त्या म्हणाल्या, "बाळ, मी पाणी पाहिले आहे, बर्फ नाही. ताईला विचार."

ताई उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात विज्ञान शिकते. तिने प्रश्नाचे उत्तर तोंडाने दिले नाही. तिने स्वयंपाकघरातून काचेचे दोन पेले, चहाची गाळणी आणि बर्फाचे काही खडे आणले. एका पेल्यात खडे टाकून तिने तो काठोकाठ पाण्याने भरला. खडे तरंगू लागले. दुसरा पेला नुसत्या पाण्याने काठोकाठ भरून त्यावर गाळणी ठेवली आणि गाळणीत तितकेच खडे ठेवले. दोन्ही पेले ताटात ठेवून ती म्हणाली, "आता वाट पाहा." वैशाखातील दुपार, बर्फाला वितळावयास फारसा वेळ लागला नाही. पहिल्या पेल्यातील सारे बर्फ विरघळले, पण एक थेंबही बाहेर सांडला नाही. दुसऱ्या पेल्यातून मात्र पाणी ओघळून ताटात जमले.

या दोन पेल्यांत ध्रुवांचे सारे रहस्य सामावले आहे. उत्तर ध्रुवावर भूमी नाही. तेथे समुद्रच गोठलेला आहे. तरंगणारे बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारून बसलेले असते. म्हणून ते वितळले, तरी सूक्ष्म फरक सोडल्यास समुद्राची पातळी वाढत नाही. ग्रीनलंड आणि दक्षिण ध्रुवाभोवतीचे अंटार्क्टिका खंड यांची गोष्ट निराळी. तेथील बर्फ भूमीवर, म्हणजे गाळणीत, साठलेले आहे. ते वितळून किंवा घसरून समुद्रात आले, की समुद्र चढतो. ग्रीनलंडचे सारे बर्फ वितळल्यास समुद्र सुमारे 7 मीटर आणि अंटार्क्टिकाचे सारे बर्फ वितळल्यास सुमारे 58 मीटर चढेल, असा वैज्ञानिकांचा हिशेब आहे.

तेव्हा त्या चित्रपटाने सत्याची मर्यादा किती ओलांडली, हे मुलालाही कळू लागले. जगातील सारे बर्फ वितळले, तरी समुद्र 65-70 मीटरांहून अधिक चढावयाचा नाही. बदलापूरच्या दक्षिणेस दिसणारे माथेरानचे पठार सुमारे 800 मीटर उंच आहे. ते कोरडेच राहील आणि सह्याद्रीची शिखरेही कोरडी राहतील. "म्हणजे घाबरण्याचे कारण नाही!" मुलगा हर्षाने म्हणाला. ताई हसली. "माथेरानला नाही," ती म्हणाली, "पण बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही स्थानके 65 मीटरांच्या पुष्कळ खाली आहेत." मुलाचा चेहरा पुन्हा उतरला. परंतु तेवढे बर्फ वितळावयास शतके नव्हे, सहस्रके लागतील, हे सांगून तिने त्याला धीर दिला.

चित्रपटाचे आणि विज्ञानाचे घड्याळ असे वेगळे असते. चित्रपटास दोन-अडीच तासांत जग बुडवून प्रेक्षकांस घरी पाठवावयाचे असते. 2004 साली 'द डे आफ्टर टुमॉरो' हा चित्रपट आला. त्यात काही दिवसांतच न्यूयॉर्क नगरावर समुद्र चालून येतो आणि मागाहून ते गोठून जाते. नव्या दिल्लीतही हिमवर्षाव होताना दिसतो! इतक्या त्वरेने असे घडणे शक्य नाही, असे शास्त्रज्ञांनी त्याच वेळी सांगितले. तथापि, त्या चित्रपटाचा आरंभ ज्या हिमपट्ट्याच्या भंगाने होतो, तो लार्सन-बी नावाचा अंटार्क्टिकाचा हिमपट्टा केवळ कल्पनेतील नाही. 2002 सालच्या आरंभी तो खरोखरच भंगला होता. सुमारे 3,250 चौरस किलोमीटरांचे बर्फ काही आठवड्यांत तुकडे तुकडे होऊन समुद्रावर विखुरले. तो पट्टा तरंगता असल्यामुळे समुद्र लगेच चढला नाही; पण त्याच्या मागे भूमीवर अडून राहिलेल्या हिमनद्यांचा अडसर निघाला आणि त्या अधिक वेगाने समुद्राकडे घसरू लागल्या. चित्रपटाने खोटे सांगितले ते वेगाविषयी, दिशेविषयी नव्हे. 2006 साली निघालेल्या 'आइस एज' मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटात तर हिमयुगातील प्राणी वितळत्या बर्फापुढे पळत सुटतात आणि सारी मुले पोट धरून हसतात. हसता हसता का होईना, बर्फ वितळू शकते एवढी गोष्ट त्यांच्या कानी पडते, हेही काही थोडे नाही.

विज्ञानाचे काम मात्र चित्रपटाइतके चटकदार नसते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 1981 च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली आणि 1982 च्या जानेवारीत त्या हिमखंडावर पोहोचली. तिसऱ्या मोहिमेत, 1983-84 साली, नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत तेथे गेल्या. त्या आणि त्यांच्या सहकारी भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया होत. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले ठाणे उभे राहिले. पुढे ते हळूहळू बर्फाखाली गाडले गेले, तेव्हा 'मैत्री' हे नवे ठाणे खडकाळ भूमीवर बांधण्यात आले. आणि 2012 पासून 'भारती' हे तिसरे ठाणेही काम करू लागले. अशा ठिकाणी माणसे काय करतात? ती मोजतात. वारा मोजतात, बर्फाची जाडी मोजतात, समुद्राचे तापमान मोजतात. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल छिद्रे पाडून वैज्ञानिकांनी 8 लाख वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे बाहेर काढले आहेत. त्या प्रदीर्घ काळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 300 भागांच्या वर कधी गेले नव्हते. आज ते 420 च्या वर गेले आहे. कोळसा आणि तेल जाळून माणसाने ही भर घातली, आणि त्या वायूने उष्णता अडवून धरल्यामुळे हवा, समुद्र आणि बर्फ तापू लागले.

या सर्व मोजमापांचे सार सांगावयाचे, तर ते अगदी क्षुल्लक वाटते. 1901 पासून 2018 पर्यंत जगातील समुद्र सरासरीने सुमारे 20 सेंटीमीटर चढला आहे. वितळते बर्फ आणि तापून फुगलेले समुद्राचे पाणी, ही त्याची मुख्य कारणे. 2006 ते 2018 या काळात त्याचा वेग वर्षास सुमारे 3.7 मिलिमीटर होता. म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये बांधलेले शिवमंदिर आजही उभे आहे. तितक्याच काळात याच वेगाने समुद्र साडेतीन मीटरांहून अधिक चढेल; आणि वेग तर वाढतो आहे! शतकाच्या अखेरीपर्यंत तो सुमारे 28 सेंटीमीटरांपासून एका मीटरपर्यंत चढेल, असा अंदाज आहे. किती चढेल, हे पुष्कळ अंशी माणसाच्या वागण्यावर अवलंबून आहे.

हे सारे ऐकून आजींनी गव्हाचे सूप बाजूला ठेवले. "20 सेंटीमीटर म्हणजे किती ग?" त्यांनी विचारले. ताईने अंगठा आणि करंगळी ताणून दाखविली. "म्हणजे वीतभर!" आजी म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

वीतभर पाण्याला कोण भितो? परंतु उल्हासच्या काठी राहणाऱ्यास त्या विताची किंमत कळते. ही नदी राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावते, कर्जत व बदलापूर मागे टाकते, कल्याणच्या पुढे तिची खाडी होते आणि वसईपाशी ती समुद्रास मिळते. दिवसातून दोन वेळा भरती तिच्या मुखातून आत शिरते आणि खाडीतून वर चढत येते. सकाळच्या गर्दीत गाडीच्या दारातून आत घुसणाऱ्यांचा लोंढा असला, की उतरणाऱ्यास जशी वाट मिळत नाही, तशीच भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याची गत होते. समुद्र वीतभर उंच झाला, तर भरती तितकी अधिक चढणार आणि पुराला तितके अधिक खोळंबावे लागणार.

26 जुलै 2005 चा पूर बर्फाने आणला नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हासच्या खोऱ्यातही आभाळ कोसळले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून सोडवावे लागले. तोही पावसाचाच पूर होता. पण हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. जी उष्णता ध्रुवावर बर्फ वितळविते, तीच मोठ्या पावसालाही बळ देते. ध्रुव दूर आहे. हवा मात्र एकच आहे.

या परिसराची आणखी एक आठवण येथे होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आश्रय मिळाला आणि 1949 साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव लाभले. ज्या सिंधू नदीला हिमालयाचे बर्फ पाणी पुरविते, तिचा काठ सोडून ही माणसे केवळ पावसावर जगणाऱ्या उल्हासच्या खोऱ्यात आली आणि त्यांनी बराकींतून उद्योगी नगर उभारले. घर सोडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी चित्रपटातून शिकवावे लागले नाही. समुद्र चढला, तर जगातील सखल किनाऱ्यांवरच्या लक्षावधी माणसांवर तीच पाळी येईल. फरक इतकाच, की त्यांना निघा म्हणणारा कोणी दिसणार नाही; पाणी दरवर्षी दोन नाण्यांएवढे पुढे सरकेल.

संध्याकाळी आजींनी नातवाकडून कोळशाचा एक तुकडा मागविला. जुन्या रेघेपासून वर त्यांनी आपली वीत लावली आणि तेथे दुसरी, बारीक रेघ ओढली. मग माळ्यावरची जागा रिकामी करवून, 2005 च्या पुरात भिजून सुकविलेली आजोबांची वह्यांची पेटी त्यांनी वर चढविली. "पूर येवो न येवो," त्या म्हणाल्या, "जागा ठाऊक असलेली बरी."

नातू दोन्ही रेघांना पाठ लावून उभा राहिला. जुन्या रेघेच्या वर त्याचे डोके केव्हाच गेले होते. नवी रेघ मात्र अजून त्याच्या डोक्याहून चार बोटे वर होती.